रानातले पिल्लू घरी आणावे का?



येत्या ४ ऑक्टोबरला असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा आठवडा आपल्या देशात वन्यजीव सप्ताह म्हणून पाळला जातो. आणि याच सुमारास आपल्या बारामती-इंदापूर भागाला ऊसतोडीची चाहूल लागते. कारखान्यांत बॉयलर पेटवण्याची तयारी सुरू होते, टोळ्या येऊ लागतात आणि पुढे काही महिने एकेक उभा फड आडवा होत जातो. हे सारे एकाच वेळी येते, म्हणून या रविवारी आम्ही एक साधा प्रश्न अभ्यासासाठी घेत आहोत : रानातल्या प्राण्याचे पिल्लू सापडले, तर ते घरी आणून पाळावे का?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. ऊस तोडताना पाचटात रानमांजराची पिल्ले सापडतात. माळावर शेळ्या चारणाऱ्या मुलाला गवतात दडून बसलेले पाडस दिसते. सशाचे पिल्लू पिशवीतून घरी येते. लांडोरीची अंडी आणून कोंबडीखाली ठेवली जातात. पोपटाचा पिंजरा तर कित्येक घरांच्या ओसरीला टांगलेला असतो. असे करणारी माणसे दुष्ट नसतात. "बिचारे एकटेच पडले होते, कुत्र्यांनी फाडले असते, म्हणून उचलून आणले," असेच ती सांगतात आणि ते खरेही असते. म्हणूनच हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे. क्रूरपणा वाईट, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण दयेपोटी केलेले कामही कधी कधी त्या जिवाच्या मुळावर येते, हे मात्र शिकून घ्यावे लागते.

१. आपल्या दारातले रान

आपले दोन्ही तालुके म्हटले की ऊस, द्राक्षे, डाळिंबे आणि दूध डेअऱ्या आठवतात. पण कालव्याच्या पाण्यापलीकडे आपला मोठा भाग हा मूळचा कोरडा माळ आहे. या माळाला पुष्कळजण 'पडीक जमीन' म्हणतात. प्रत्यक्षात तो चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, ससा आणि असंख्य पक्ष्यांचा संसार आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झाले. त्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, पण चिंकारा हरणांसाठी ते राज्यात ओळखले जाते. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरान आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वन विभागाने माळरान सफारी सुरू केली आहे. उजनीच्या पाण्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला दूरदूरहून माणसे येतात. भादलवाडीच्या तलावातील झाडांवर चित्रबलाक पक्ष्यांची घरटी होतात.

म्हणजे रानातले प्राणी आपल्यासाठी पुस्तकातले प्राणी नाहीत, ते आपले शेजारी आहेत. शेजाऱ्याशी कसे वागावे, हा आपल्या श्रद्धेतलाही एक मोठा प्रश्न आहे.

२. 'पाळीव' वेगळा, 'माणसाळलेला' वेगळा

आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतच अर्धे उत्तर आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, कुत्रा हे पाळीव प्राणी. यांच्या हजारो पिढ्या माणसाच्या संगतीत जन्मल्या आणि वाढल्या. जे शांत, जे माणसाच्या हातचे खातात, जे कळपात नांदतात, त्यांचीच पुढची पैदास होत गेली. त्यामुळे वासरू जन्मतःच माणसाला घाबरत नाही. हा गुण त्याच्या रक्तातच उतरलेला असतो.

माणसाळलेला प्राणी मात्र निराळा. तो रानात जन्मलेल्या आईबापांचा असतो. लहानपणापासून हाताळल्यामुळे त्याची भीती तेवढी कमी झालेली असते. ती सवय त्या एका प्राण्यापुरतीच असते. त्याच्या पिल्लाला ती मिळत नाही आणि पुष्कळदा त्याच्यातही ती मरेपर्यंत टिकत नाही.

याचा पुरावा आपल्याच जिल्ह्याच्या मातीत आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीचे अवशेष निघाले. त्या लोकांजवळ गाईगुरे, शेळ्यामेंढ्या आणि कुत्री होती. ते हरणांची शिकारही करीत, कारण हरणांची हाडेही तिथे सापडली. तेव्हापासून आजवर या खोऱ्यातला माणूस आणि हरीण शेजारी राहत आले. गाय गोठ्यात आली, हरीण मात्र माळावरच राहिले. प्रत्येक प्राणी पाळीव होण्याजोगा नसतो, आणि जे झाले ते एका माणसाच्या हौसेने झाले नाहीत.

हत्तीचे उदाहरण तर आपल्या ताज्या स्मरणात आहे. माणूस हजारो वर्षे हत्ती बाळगत आला. तरी हत्ती पाळीव झाला नाही, बहुतेक हत्ती रानातून पकडूनच आणावे लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठात अनेक वर्षे असलेली महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०२५ मध्ये गुजरातमधील जामनगरला नेण्यात आली. तिला निरोप देताना गावेच्या गावे रडली. त्या माणसांच्या प्रेमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. न्यायालयापुढचा प्रश्न मात्र वेगळा होता : माणसे तिच्यावर किती प्रेम करतात हा नव्हे, तर तिला जगायला काय लागते हा. रानातले पिल्लू हातात घेताना आपणही हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

३. पिल्लू 'एकटे' नसते

आता आपल्या शिवाराकडे येऊ. गवतात निपचित बसलेले पाडस पाहिले की वाटते, आई सोडून गेली. खरे तर चिंकाऱ्याची मादी पाडसाला मुद्दाम दडवून चरायला जाते. ती जवळ उभी राहिली तर लांडग्याला ठिकाण कळेल. म्हणून ती दूर राहते आणि ठरावीक वेळाने येऊन पाजून जाते. पाडसही हलत नाही, कारण न हलणे हेच त्याचे संरक्षण आहे. सशीणही पिल्लांना गवताच्या आडोशाला ठेवून जाते आणि दिवसातून थोडाच वेळ पाजायला येते. आपण ज्याला 'बेवारस' समजून उचलतो, त्याची आई बहुधा झुडपाआडून आपल्याकडेच पाहत असते. आपण गेल्यावर ती येते आणि जागा रिकामी पाहते.

उसाच्या फडातही हेच घडते. रानमांजर, वाघाटी आणि अलीकडे बिबट्या यांनाही उंच ऊस म्हणजे सुरक्षित रान वाटते. मादी तिथेच वीते. तोडणी सुरू झाली की आवाजाने ती बाजूला होते आणि पिल्ले पाचटात राहतात. जुन्नर भागात वन विभाग आणि प्राणीमित्र संस्थांनी अशी बिबट्याची बछडी पुन्हा त्याच जागी संध्याकाळी ठेवून पाहिली. रात्री आई येऊन त्यांना घेऊन गेली. एकदोनदा नव्हे, अनेक वर्षे हे अनुभवाला आले आहे. वाघाटीच्या पिल्लांच्या बाबतीतही तसेच. म्हणजे त्या पिल्लाला आपल्या घराची नव्हे, एका रात्रीच्या शांततेची गरज असते.

४. घरी आणल्यावर काय होते?

पहिली अडचण दुधाची. गाईचे किंवा पिशवीचे दूध हे वासरासाठी बनलेले आहे. सशाच्या वा मांजरवर्गातील पिल्लाच्या आईचे दूध त्याहून फार निराळे असते. बाहेरच्या दुधाने हगवण लागते. घाईने चमच्याने वा ड्रॉपरने पाजलेले दूध फुप्फुसात जाते. पुष्कळशी पिल्ले पहिल्या काही दिवसांतच दगावतात. घरातली मुले रडतात आणि आपण म्हणतो, "त्याचे आयुष्यच तेवढे होते." खरे तर ते आयुष्य आपण उचलून आणल्यामुळे तेवढे झालेले असते.

दुसरी अडचण भीतीची. हरीण आणि ससा हे भित्रे प्राणी. पकडण्याच्या, बांधण्याच्या, कुत्र्याच्या भुंकण्याच्या नुसत्या धसक्याने ते मरू शकतात. अंगावर जखम नसते, तरी प्राण जातो. शांत बसलेले पाडस 'माणसाळले' असे आपल्याला वाटते, ते पुष्कळदा भीतीने गारठलेले असते.

तिसरी अडचण वयाची. जगलेच, तर पिल्लू पिल्लू राहत नाही. हाताने वाढवलेला हरणाचा नर वयात आला की माणसालाच आपल्या जातीचा प्रतिस्पर्धी समजतो आणि शिंगाने मारतो. माकडाचे गोंडस पोर मोठे झाले की चावू लागते. मग त्याला साखळी येते, पिंजरा येतो, नाहीतर एके दिवशी गावाबाहेर सोडून दिले जाते. ज्याला अन्न शोधायचे कसे, शत्रू ओळखायचा कसा हे आईने शिकवलेच नाही, त्याला असे सोडणे म्हणजे मरायला सोडणे.

चौथी अडचण रोगांची. मुंगूस, कोल्हा, माकड यांच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून आणि कासवांच्या अंगावरून माणसाला आजार होतात. उलट आपल्या कुत्र्यामांजरांचे रोग रानातल्या प्राण्यांना लागतात. लांडगे आणि मोकाट कुत्री यांच्या संकराचा पुरावाही पुणे जिल्ह्याच्या माळरानावर मिळाला असून त्याचा जनुकीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. घर आणि रान यांच्यामधले कुंपण मोडले की दोन्हीकडे नुकसान होते.

काही प्राणी दयेपोटी नव्हे, तर लाभाच्या आशेने पाळले जातात. तारांकित कासव घरात ठेवले की लक्ष्मी येते, मांडूळ सापाने गुप्तधन सापडते, असे सांगून लाखोंचे व्यवहार केले जातात. मांडूळ हा बिनविषारी साप आहे. उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे धान्य वाचवतो. त्याचे खरे धन तेवढेच, आणि ते तो शेतात असला तरच मिळते. ख्रिस्ती माणसाने असल्या अंधश्रद्धेला आपल्या घरात थारा देऊ नये.

५. चित्त्याची गोष्ट

एखाद्याने एक पिल्लू पाळले तर रानाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून चित्त्याचा इतिहास पाहावा. चित्ता हा आपल्यासारख्याच माळरानांचा प्राणी, काळवीट आणि चिंकारा हे त्याचे भक्ष्य. तो लवकर माणसाळतो, म्हणून राजेरजवाडे त्याला शिकारीसाठी पाळत. डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडीतून त्याला माळावर नेत आणि हरीण दिसले की सोडत. अकबर बादशहाजवळ हजार चित्ते होते, असे त्याचा मुलगा जहांगीर याने लिहून ठेवले आहे. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर संस्थानात चित्त्यांनी शिकार करण्याची परंपरा विसाव्या शतकापर्यंत चालू होती.

चित्त्यांची बडदास्त उत्तम असे. पण हा प्राणी बंदिवासात वीत नसे. जहांगीरच्या काळात एकदा अशी पिल्ले झाली, त्याचीच नोंद एक नवल म्हणून राहिली. त्यामुळे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला असे. तो मेला की दुसरा धरायचा. शतकानुशतके हे चालले. त्यात बंदुकीची शिकार आणि माळरानांचा ऱ्हास यांची भर पडली. विसाव्या शतकात संस्थानांवर आफ्रिकेतून चित्ते मागवण्याची वेळ आली. १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आणावे लागले, ते याच इतिहासामुळे.

त्या चित्त्यांचे लाड करणाऱ्यांना चित्ता संपवायचा नव्हता. त्यांना तो आवडत होता आणि आवडतो म्हणून जवळ हवा होता. ओसरीवरच्या पिंजऱ्यातला पोपटही झाडाच्या ढोलीतून काढलेला असतो. एक विकत घेतला की पकडणारा दुसऱ्या ढोलीत हात घालतो.

६. मग डॉ. प्रकाश आमटे यांचे काय?

ही शंका रास्त आहे. गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या अंगणात बिबटे, अस्वले, हरणे वाढली, हे आपण वाचले आहे, चित्रांतही पाहिले आहे. पण त्याची सुरुवात कशी झाली ते ध्यानात घ्यावे. माडिया आदिवासींनी भुकेपोटी मारलेल्या माकडिणीला तिचे पोर बिलगलेले त्यांना दिसले. ते त्यांनी मागून घेतले. पुढे मारलेल्या प्राण्यांची पोरकी पिल्ले लोक त्यांच्याकडे आणून देऊ लागले. त्या पिल्लांची आई खरोखरच उरलेली नव्हती. सांभाळणारे स्वतः डॉक्टर होते. आणि ते ठिकाण पुढे शासनमान्य प्राणी अनाथालय झाले. ते हौसेचे प्राणिपालन नव्हे, संकटातला आसरा होता. आई जिवंत असलेले पिल्लू उचलून आणायला त्या उदाहरणाचा आधार घेता येत नाही.

७. कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सामान्य माणसाने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• कायद्याच्या भाषेत 'शिकार' म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, सापळ्यात अडकवणे, पक्ष्यांची वा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी आणि घरटी यांना हात लावणे, हेही शिकारीतच येते.

• चिंकारा, लांडगा, बिबट्या, मोर, तारांकित कासव हे पहिल्या अनुसूचीत आहेत. यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

• आपला नेहमीचा हिरवा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. पोपट पिंजऱ्यात ठेवणे आणि विकणे हा गुन्हा आहे. भारतीय रानपक्ष्यांचा व्यापार १९९१ च्या दुरुस्तीने बंद केला. अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

• रानातला प्राणी आपल्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. असा प्राणी शासनाची मालमत्ता मानला जातो.

• काही परदेशी जातींचे प्राणी व पक्षी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद करावी लागते. दुकानदार 'चालते हो' म्हणाला, तरी आपण चौकशी करावी.

कायद्याची भीती दाखवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण "आम्हाला ठाऊक नव्हते" हे कारण कचेरीत चालत नाही, म्हणून ठाऊक असलेले बरे.

८. पवित्र शास्त्राच्या प्रकाशात

पवित्र शास्त्रातही हे दोन प्रकारचे प्राणी दिसतात. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय १२) नाथान संदेष्टा दाविद राजाला एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. ती मेंढी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला मुलीसारखी होती. पाळीव जनावरावर असा जीव लावणे शास्त्राला गैर वाटत नाही. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांतही (१२:१०) सांगितले आहे.

ईयोबाच्या ग्रंथात (अध्याय ३९) मात्र देव वेगळेच विचारतो. रानगाढवाला मोकळे कोणी सोडले? माळ हे त्याचे घर म्हणून कोणी दिले? त्याला नगरातला गोंगाट नको, हाकणाऱ्याची आरोळी तो ऐकत नाही. म्हणजे त्याचे मोकळेपण ही देवाची देणगी आहे, माणसाकडून राहून गेलेले काम नव्हे. ज्या देवाने गरिबाला मेंढी दिली, त्यानेच रानगाढवाला माळ दिला.

नोहाने तर सारेच प्राणी तारवात घेतले. पण किती दिवस? जलप्रलय ओसरेपर्यंत. पाणी उतरताच त्यांना बाहेर सोडण्याची आज्ञा देवाने दिली (उत्पत्ती ८:१७). संकटात आसरा द्यावा, संकट सरले की वाट मोकळी करावी, हा त्यातला धडा.

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथही (परिच्छेद २४१५ ते २४१८) हेच सांगतो. माणसाने मदतीसाठी व विरंगुळ्यासाठी प्राणी पाळण्यास हरकत नाही, पण प्राण्यांना दया दाखवणे हे आपले देणे आहे आणि विनाकारण त्यांना यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात शिकवले की, प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे. ते आपल्या उपयोगावर वा आवडीवर अवलंबून नाही.

आणि संत फ्रान्सिस? त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोकर थॉमस यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. ग्रेच्चो गावी एका बंधूने फासात सापडलेला जिवंत ससा त्यांच्याकडे आणला. संतांना त्याची कणव आली. त्यांनी त्याला जवळ घेतले आणि मग मोकळे सोडले. पण ससा जाईना. जमिनीवर ठेवला की पुन्हा त्यांच्या मांडीवर येऊन बसे. शेवटी संतांनी त्याला जवळच्या रानात नेऊन सोडायला सांगितले. ससा स्वतः राहू पाहत होता, संतांचेही त्याच्यावर प्रेम होते. तरी त्याची जागा आपली मांडी नव्हे, रान आहे, हे ते विसरले नाहीत. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली ज्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, त्यांचे प्राणिप्रेम असे होते.

९. आपण काय करावे?

१) ऊस तोडताना पिल्ले दिसली तर तेवढा भाग थांबवा. हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा. वन विभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर फोन करा. शेतमालकांनी मुकादमाला आणि टोळीतल्या कुटुंबांना हे आधीच सांगून ठेवावे. ती माणसे परजिल्ह्यातून आलेली असतात, इथे कोणाला कळवायचे हे त्यांना माहीत नसते. पिल्लांमुळे थांबलेल्या वेळाचा भुर्दंड त्यांच्या मजुरीवर पडू देऊ नये.

२) माळावर पाडस किंवा सशाचे पिल्लू दिसले तर आल्या पावली मागे फिरा. उघड जखम असेल, आई शेजारीच मेलेली असेल किंवा कुत्री मागे लागली असतील, तरच १९२६ वर कळवा.

३) घरट्यातून पडलेले उघडे पिल्लू शक्य असल्यास घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे. पिसे फुटलेले पिल्लू उडायला शिकत असते. त्याला जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हा. चोचीत पाणी ओतू नका.

४) जखमी प्राणी सापडल्यास भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि लगेच कळवा. दूध, भाकरी, काहीही भरवू नका.

५) घरी पोपट असेल तर घाईने पिंजरा उघडू नका. पंख कापलेला, अनेक वर्षे पिंजऱ्यात राहिलेला पोपट बाहेर जगत नाही. वन विभागाशी बोला. आणि नवा पोपट विकत घेऊ नका, कोणाला भेटही देऊ नका.

६) आपली कुत्री रात्री बांधून ठेवा, त्यांना रेबीजची लस द्या. माळावर मोकाट सोडलेले कुत्रे पाडसाचा काळ ठरते.

७) कोणताही प्राणी चावला वा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद-चुना लावत बसू नका.

मुलांना प्राण्यांचा लळा लागावा, असे वाटणाऱ्या आईवडिलांना आमचे सांगणे असे : जरूर लागू द्या. शेळीचे करडू त्यांच्या हाती द्या, रस्त्यावरचे कुत्र्याचे पिल्लू लस देऊन सांभाळू द्या, कोंबड्यांची देखभाल त्यांच्यावर सोपवा. आणि एखाद्या रविवारी मिस्सानंतर त्यांना भिगवणला न्या, कडबनवाडीच्या माळावर न्या. दुरून दिसलेला चिंकारा क्षणभर थबकतो, आपल्याकडे पाहतो आणि उड्या मारीत निघून जातो. तो गेला म्हणून मुले हिरमुसली, तर त्यांना सांगा की तो आपल्या घरी गेला.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी किंवा शेजारी रानातला कोणता प्राणी वा पक्षी पाळलेला आहे? तो कुठून आला, याची आपण कधी चौकशी केली का?

२. नाथानाच्या गोष्टीतली मेंढी आणि ईयोबाच्या ग्रंथातले रानगाढव यांत काय फरक आहे, हे मुलांना आपल्या शब्दांत सांगता येईल का?

३. या हंगामात आपल्या किंवा शेजारच्या फडात पिल्ले सापडली, तर तोडणी थांबवून वन विभागाला कोण कळवील? ते आजच ठरवता येईल का?